दहा मिनिटांचं थाई चिकन आणि वीस प्लेटचा हिशोब



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल, तर आता वही-पेन घेऊन बसा. व्हिडिओत मी पदार्थ करून दाखवला, इथे त्याचा धंदा कसा होतो ते बघू.

डोळखांबच्या एका ताईंचा प्रश्न होता : "सर, गावात चायनीज सगळेच विकतात. मला थाई चिकन विकायचंय. बचत गटातून कर्ज काढून गाडी टाकू का?"

माझं उत्तर सरळ आहे. पदार्थ चांगला आहे, पण कर्ज आत्ता नको. का, ते शेवटपर्यंत वाचलं की कळेल.

आधी गिऱ्हाईक ओळखा

डोळखांबवरून डेहणे गावाकडे, आजोबा डोंगराला जाणारे ट्रेकर दर शनिवार-रविवारी जातात. तुम्हाला वाटेल, मुंबईची माणसं आहेत, थाई खातील. नाही खाणार! ते मुंबईत मिळतंच. त्यांना तुमच्याकडे भाकरी, पिठलं, गावठी कोंबडीचा रस्सा हवा असतो.

थाई चिकनचं गिऱ्हाईक वेगळं आहे. संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर उभी राहणारी पोरं, आसनगावहून लोकल पकडून नोकरीला जाणारे, शाळेतले शिक्षक, वाढदिवस घरी करणारी कुटुंबं. यांना ओळखीची चव हवी असते, पण थोडी नवीन. म्हणून मेनूवर अवघड नाव लिहू नका. "झणझणीत थाई चिकन-भात" एवढं बास.

सामान इथलंच

थायलंडमध्ये या पदार्थाला 'पॅड क्रापाओ' म्हणतात. पॅड म्हणजे परतणं आणि क्रापाओ म्हणजे तिथली तुळस. वनस्पतिशास्त्रात ती आणि आपल्या वृंदावनातली तुळस एकाच जातीची. पण चिकनमध्ये तुळस घातली, तर आपल्याकडे किती घरांत चालेल? गिऱ्हाइकाच्या भावनेला धक्का लावून धंदा होत नाही. म्हणून सब्जाची पानं वापरा. थाई स्वयंपाकात जो गोड वासाचा बेसिल वापरतात, तो आणि आपला सब्जा एकाच जातीचे. परसात चार रोपं लावा, पानांचा खर्च जवळजवळ संपला.

थाई मिरचीऐवजी लवंगी. ताडगुळासारख्या साखरेऐवजी आपला गूळ. तिकडे मासे मिठात मुरवून केलेला फिश सॉस घालतात, त्याऐवजी भाजलेल्या जवळ्याची पूड. मात्र त्यात जवळा आहे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, काहींना कोळंबी-जवळ्याची अ‍ॅलर्जी असते.

एक चूक करू नका : या पदार्थाला गावठी कोंबडी चालत नाही. तिला शिजायला वेळ लागतो. इथे ब्रॉयलरचं, मांडीचं बोनलेस घ्या.

कृती (एका वेळी दोनच प्लेट)

२५० ग्रॅम चिकनच्या बोटाएवढ्या पातळ पट्ट्या करा. ८-१० लसूण पाकळ्या आणि ५-६ लवंगी मिरच्या खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सर नको, पेस्ट झाली की करपते. वाटीत दोन चमचे सोया सॉस, अर्धा चमचा जवळ्याची पूड, एक चमचा गूळ आणि दोन चमचे पाणी कालवून ठेवा.

कढई चांगली तापवा. दोन चमचे तेल, मग ठेचा, अर्धा मिनिट. चिकन टाका, पसरा, मोठ्या आचेवर ४-५ मिनिटं परता. आत गुलाबी राहता कामा नये. कांदा आणि सिमला मिरची घालून एक मिनिट. कालवलेला सॉस ओता, एक मिनिट. गॅस बंद करून मूठभर सब्जाची पानं. मीठ चाखूनच घाला, सोया सॉस खारट असतो.

दोनच प्लेट का? कढई भरली की आच कमी पडते, चिकनला पाणी सुटतं आणि परतलेल्याऐवजी उकडलेलं चिकन हातात येतं.

आता खरा धडा : हिशोब

हे भाव उदाहरणादाखल आहेत. तुमच्या बाजारातले भाव तुम्ही लिहा. एका प्लेटचे :

- चिकन १२५ ग्रॅम : ४० रुपये
- तांदूळ : ५
- कांदा, सिमला मिरची : ५
- लसूण, मिरची, सब्जा : ६
- सोया सॉस, जवळा, गूळ, तेल : ८
- गॅस : ४
- डबा : ७

झाले ७५. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. बोनलेस आणायला शहापूरला जाऊन-येऊन १०० रुपये धरले, तर २० प्लेटवर ५ रुपये येतात. चारच प्लेट केल्या, तर २५! नासधुशीचे ५ धरा. झाले ८५. तुमची स्वतःची मजुरी ३०० रुपये, म्हणजे प्लेटमागे १५. कढईवरची दहा मिनिटं दिसतात, पण चिरणं-धुणं, बाजार, भांडी कोण करतं? तुम्हीच ना? एकूण १००.

विक्री १४० ला. वीसच्या वीस गेल्या तर मजुरी सोडून ८०० नफा. छान!

आता दुसरी बाजू. २० शिजवल्या आणि १२ विकल्या, तर आले १,६८०. मजुरी न धरता खर्च १,७००. निम्म्याहून जास्त माल खपला, तरी २० रुपये खिशातून गेले आणि मजुरी बुडाली. वर कर्जाचा हप्ता असता तर?

म्हणून ताई, गाडी नको म्हटलं. नियम एकच : आधी ऑर्डर, मग चिकन. गुरुवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर नावं घ्या, अर्धे पैसे आगाऊ घ्या, शनिवारी तेवढंच आणा. चिकन बर्फाच्या डब्यात आणा आणि त्याच दिवशी शिजवा. वीज गेली की फ्रीजचा भरवसा नसतो.

विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या.

गृहपाठ

सलग तीन शनिवार करा. प्रत्येक वेळी तीनच आकडे लिहा : किती ऑर्डर आल्या, किती गिऱ्हाइकं परत आली, हातात किती उरले. तिसऱ्या शनिवारी जुनी गिऱ्हाइकं स्वतःहून फोन करत असतील, तर वही घेऊन गटाच्या मीटिंगला जा. करत नसतील, तर कर्ज डोक्यावर नाही आणि घरच्यांना एक चांगला पदार्थ मिळाला. यात हरलं कुणीच नाही.

तुमचे आकडे मला कळवा. पुढच्या पाठात त्यातलाच एक हिशोब सोडवू.