जुन्या जीपची निगा

(जुनी गाडी अचानक बिघडते, असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा ती आधी सूचना देत असते. त्या सूचना कशा ओळखाव्यात, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, कच्च्या रस्त्यावर धावणारी जीप तुम्ही पाहिली असेल. जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. १९४१ साली अमेरिकेतील विलीज कंपनी सैन्यासाठी ही गाडी बनवू लागली. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. चिखल असो, वाळू असो की चढण, जीप वाट काढते. कारण गरज पडेल तेव्हा तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते.

जुन्या जीपची रचना साधी असते. बॉनेट उघडले, की बरेचसे भाग डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. म्हणून तिची साधी निगा घरच्या घरी राखता येते. तुमच्या घरी किंवा शेजारी अशी गाडी असेल, तर वडीलधाऱ्यांबरोबर पुढील कामे शिकून घ्या.

सकाळी गाडी सपाट जागेवर उभी असताना आधी इंजिनातील तेल पाहा. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. ते दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा आणि इंजिन सुरू करू नका.

रेडिएटरमधील पाणी इंजिन थंड असतानाच पाहावे. तापलेल्या इंजिनाचे पाणी दाबाखाली असते. झाकण उघडताच ते उसळते आणि तोंड, हात भाजतात. घाई असली, तरी थांबा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर जमतो. त्यामुळे विजेचा प्रवाह नीट वाहत नाही. तो साफ करताना आधी ऋण टोकाची तार काढा आणि शेवटी तीच जोडा. असे का? बहुतेक गाड्यांत ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. ते जोडलेले असताना धन टोकाला लावलेला पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

चाक बदलताना गाडी वर उचलण्यापूर्वीच नट थोडे सैल करावेत. येथे एक गंमत आहे. युद्धकाळातील विलीज जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून नट सैल करण्याऐवजी आणखी घट्ट करी! ताकदीपेक्षा माहिती मोठी असते, ती अशी. आणि लक्षात ठेवा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरला, तर जीव जातो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ब्रेक. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला असाल. ब्रेक याच नियमावर चालतात. पेडल दाबले, की ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांमधून चाकांपर्यंत जातो. अनेक जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून हा मार्ग एकच असतो. एका नळीला चीर पडली, तरी चारही ब्रेक निकामी होऊ शकतात. म्हणून ब्रेक ऑइल एकाएकी कमी झाले, पेडल खोल जाऊ लागले किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गाडी जागेवरून हलवू नका. वरून ऑइल ओतून ‘आजचा दिवस निघेल’ असे म्हणणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे आहे. इंजिनाचे तेल तर तेथे चुकूनही घालू नये; त्याने आतील रबर फुगून खराब होते.

अशा वेळी उस्ताद मेकॅनिकलाच बोलवावे. यात कमीपणा नाही. तेल पाहणे, बॅटरी पुसणे, नट आवळणे ही कामे आपली. ब्रेक आणि स्टिअरिंग यांची दुरुस्ती जाणकाराची. कोणते काम आपले आणि कोणते नाही, हे ज्याला कळते, त्याच्या हातात जुनी गाडीही पुष्कळ वर्षे चालते.

शब्दार्थ
निगा – देखभाल
पाना – नट फिरवण्याचे हत्यार
आटे – स्क्रूवरील किंवा नटातील गोल खाचा
निकामी – बेकार
जाणकार – माहितगार

स्वाध्याय
१. रेडिएटरचे झाकण केव्हा उघडू नये? का?
२. ‘ताकदीपेक्षा माहिती मोठी असते’ हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. ब्रेक बिघडल्याच्या तीन सूचना लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : वाट काढणे, जिवाशी खेळणे.