ध्यास

नववीच्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'मला शिक्षक होण्याची ध्यास लागली आहे.' भावना खरी होती; चूक फक्त लिंगाची झाली. त्याच्या मनात उर्दूतला 'धुन' हा शब्द होता. 'धुन' मुअन्नस, म्हणजे स्त्रीलिंगी. मराठीतला 'ध्यास' पुल्लिंगी आहे. म्हणून 'शिक्षक होण्याचा ध्यास लागला आहे' असे लिहावे.

एखादी गोष्ट रात्रंदिवस मनात राहते, दुसरे काम करतानाही तिकडेच लक्ष जाते, तेव्हा तिचा ध्यास लागला असे म्हणतात. आपण होऊन ठरवले, तर ध्यास घेतला.

पण छंद म्हणजे ध्यास नव्हे. छंद म्हणजे शौक. तो फुरसतीत करतात. ध्यास फुरसत पाहत नाही. डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलाला छंद लागला. पुढे १९३० साली जर्मनीहून शिकून परतले, तर हातात नोकरी नाही! ते अलिबागजवळ किहीम येथे राहिले आणि शिडीवर बसून सुगरण पक्ष्यांची घरटी तासन्‌तास न्याहाळू लागले. याला ध्यास म्हणावे. (गंमत अशी, की 'सुगरण' शब्द स्त्रीलिंगी, पण घरटे विणतो तो नर! मादी अर्धवट घरटे पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो.)

'हव्यास' हा शब्द कानाला जवळचा वाटतो, पण अर्थ वेगळा. हव्यास म्हणजे हिर्स, लालच. 'अब्बांना माझ्या शिक्षणाचा हव्यास आहे' असे लिहिलेत, तर अब्बा नाराज होतील. 'नाद' बहुधा वाईट सवयीचा असतो.

स्वाध्याय

१. ध्यास, छंद, हव्यास, नाद यांपैकी योग्य शब्द लिहा :
(अ) दादाला पत्त्यांचा ...... लागला, म्हणून अम्मी रागावली.
(आ) नानीला हजला जाण्याचा ...... लागला आहे.
(इ) सावकाराचा पैशाचा ...... सुटेना.
(ई) सलमाला तिकिटे जमवण्याचा ...... आहे.

२. 'ध्यास घेणे' व 'ध्यास लागणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

३. तुम्हाला कशाचा ध्यास लागला आहे? पाच वाक्ये लिहा. ध्यास नसेल, तर छंदाविषयी लिहा. उगाच ध्यास रचू नका.