इंग्रजी नामांचे वचन शिकविताना

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. तरी नामाच्या वचनात मुले अजून अडखळतात. लाल रेघ ओढण्यापूर्वी कारण पाहावे. मराठीत केस, बातम्या अनेकवचनी. इंग्रजीत मात्र ‘हेअर’ व ‘न्यूज’ यांपुढे ‘इज’ येते. त्यातही ‘न्यूज’च्या अंती असलेले एस हे अक्षर मुलांस हमखास फसविते. तेव्हा चूक आळसाची नव्हे, मातृभाषेच्या वळणाची आहे.

पाथर्डी तालुक्यातील मुलांस मढीच्या यात्रेतील गाढवांचा बाजार परिचित असतो. पाठ तेथूनच आरंभावा : वन डाँकी, टू डाँकीज. मेंढ्या आल्या, की मात्र वन शीप, टू शीप! पाणी मोजावयाचे तर आधी पेला हवा : टू ग्लासेस ऑफ वॉटर. नियम फळ्यावर नंतर लिहावा.