खेळाडूची दुसरी परीक्षा

बास्केटबॉलांत प्रवीण झालें कीं अमेरिकेंतील महाविद्यालय आपोआप शिष्यवृत्ति देतें, अशी समजूत आम्हीं पुष्कळ ऐकली आहे. पंजाबांतील बल्लो के गांवचा सतनाम सिंग २०१० सालीं तिकडील शाळेंत गेला. उंची सात फुटांहून अधिक. इंग्रजी मात्र जवळजवळ येत नव्हतें. अभ्यासाची अट पुरी न झाल्यानें महाविद्यालयीन सामन्यांचें द्वार त्यास उघडलें नाहीं. २०१५ सालीं डॅलसच्या व्यावसायिक संघानें त्यास निवडलें खरें, पण असें भाग्य कितीकांचें? वरिष्ठ श्रेणीच्या महाविद्यालयीन सामन्यांसाठीं नववीपासूनच्या १६ अभ्यासक्रमांचे गुण पाहतात. त्यांत इंग्रजी ४ वर्षें, गणित ३ वर्षें. आखाडा बाळापूरच्या मैदानावर सायंकाळीं चेंडू झेलणाऱ्या मुलांच्या पालकांस आम्ही एवढेंच विचारतों: नववीची गुणपत्रिका जपून ठेवली आहे ना?