तीन चेंडूंची कसरत : हिवाळ्यातील वर्गासाठी एक पाठ



मार्गशीर्ष-पौषात अमरावती-अकोल्याकडे सकाळचा गारठा चांगलाच जाणवतो. सकाळच्या शाळेत मुले हात काखेत दाबून बसतात. बोटे आखडल्यामुळे लेखणी नीट चालत नाही. अशा वेळी वर्गातच, दहा मिनिटांत व जवळजवळ बिनखर्चात करता येणारा व्यायाम म्हणजे तीन चेंडू आळीपाळीने उडवून झेलणे, अर्थात जगलिंग. सागरगोटे खेळणाऱ्या मुलींना तर यातील अर्धी कला आधीच अवगत असते.

व्यायामाची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे कार्य करीत आहे. परंतु दोरीवर चालण्याच्या, तोल सांभाळण्याच्या कसरती समाजव्यवस्थेने डोंबाऱ्याच्या वाट्याला ठेवल्या. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या, मान दिला नाही.

भगवान बुद्धांची दृष्टी वेगळी होती. संयुक्त निकायातील सेदक सुत्तात त्यांनी बांबूवर कसरत करणाऱ्या गुरु-शिष्याचा दाखला दिला आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसे नव्हे. आपण प्रत्येकाने स्वतःला सांभाळू, तरच दोघे सुखरूप खाली उतरू. बुद्धांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरविले आणि स्वतःला जपणारा इतरांना जपतो, इतरांना जपणारा स्वतःला जपतो, असा त्याचा विस्तार केला. स्मृतीची, म्हणजे सजगतेची शिकवण देण्यासाठी त्यांनी कसरतपटूचे उदाहरण निवडले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आता कृती पाहू. जुन्या सुती कापडाच्या, मुठीत मावतील अशा तीन पुरचुंड्या शिवून त्यांत ज्वारी किंवा सरकी भरावी. त्या पडल्या तरी घरंगळत नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे झेलताना पाय पुढे सरकत नाहीत.

१) एक पुरचुंडी उजव्या हातातून डाव्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान करून टाकावी, तशीच परत आणावी.

२) दोन्ही हातांत एकेक घ्यावी. पहिली सर्वांत उंच पोचताच दुसरी तिच्या खालून टाकावी. हातातून हातात सरळ देऊ नये.

३) एका हातात दोन, दुसऱ्यात एक घेऊन दोनवाल्या हाताने सुरुवात करावी. प्रथम तीन फेकी करून थांबावे. नजर हातांकडे नव्हे, कमानीच्या टोकाकडे असावी.

जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथे झालेला एक अभ्यास २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने ही कसरत शिकलेल्या प्रौढांच्या मेंदूत, हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागांत वाढ दिसली; सराव सुटल्यावर ती कमी झाली. यावरून मुले गणितात हुशार होतील, असे मात्र म्हणता येत नाही. सरावाने मेंदूही घडतो, एवढे निश्चित.

पुरचुंडी सर्वांच्याच हातून पडते. गुरुजींच्याही आणि पहिल्या नंबराच्या मुलाच्याही. ही कला जन्माने कोणालाच येत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांबरोबर शिकावे. गावात कसरत करणारे कुटुंब आले, तर त्यांना मानधन देऊन शाळेत गुरू म्हणून बोलवावे. आणि त्यांच्या मुलांची नावे कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत, हेही अगत्याने विचारावे.