गावच्या नळपाणी योजनेची हिवाळी देखभाल

दिवाळी सरते त्या सुमारास गावोगावच्या विहिरी भरलेल्या असतात, नळाला पाणी सढळ येते, आणि गावाला पाण्याच्या काळजीचा विसर पडतो. पुढे चैत्र-वैशाखात टाकी निम्मी भरू लागली की धावपळ सुरू होते; मग दुरुस्तीला माणूस मिळत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, आणि तालुक्याकडे टँकरची मागणी जाते. उन्हाळ्यातील टंचाईचा बराचसा भाग हिवाळ्यातील दुर्लक्षातून निर्माण होतो, हे ध्यानात घेतल्यास कार्तिक ते माघ हे चार महिने योजनेच्या देखभालीचे खरे महिने ठरतात. ही देखभाल कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

हिवाळाच का?

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कठीण खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात व खालच्या भेगांत. हा साठा पावसाळ्याच्या अखेरीस सर्वांत जास्त असतो आणि तेथून तो सतत उतरत जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा जानेवारी, मार्च व मे महिन्यांत मोजते, ती हा उतार समजावा म्हणूनच. नोव्हेंबरात वाया गेलेला पाण्याचा थेंब मे महिन्यात परत मिळत नाही.

दुसरे कारण सोयीचे आहे. हिवाळ्यात पाणी पुरेसे असल्यामुळे दुरुस्तीसाठी एखादा दिवस पुरवठा बंद ठेवला तरी गावाची अडचण होत नाही. जमीन खणावयास नरम असते. शिवाय रानातील गवत पिवळे पडू लागलेले असते. अशा वेळी नळवाहिनीच्या ओळीवर एखादा हिरवा पट्टा किंवा न सुकणारा चिखल दिसला, तर तेथे गळती आहे असे खुशाल समजावे. पावसाळ्यात ही खूण दिसत नाही. उन्हाळ्यात ती दिसते, परंतु तोवर फार उशीर झालेला असतो.

गळतीचा हिशेब

एखाद्या व्हॉल्व्हमधून पाण्याची बारीक धार लागली आहे आणि तिच्याखाली ठेवलेला एक लिटरचा तांब्या एका मिनिटात भरतो, असे समजू. ही गळती पाहून कोणी थांबणारही नाही. परंतु एका दिवसात तीतून १,४४० लिटर पाणी जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. त्या हिशेबाने ही धार रोज २६ माणसांचे पाणी घालविते. १ नोव्हेंबरपासून ३१ मेपर्यंतच्या २१२ दिवसांत ३ लाख ५ हजार लिटरांहून अधिक पाणी या एका जागी जाते. म्हणजे १० हजार लिटरचे तीस टँकर. ही गळती थांबविण्यास पुष्कळदा व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये हातभर पॅकिंग दोरी भरणे एवढेच पुरे होते.

गळलेले पाणी जमिनीतच मुरते, मग तोटा तो काय, असे काही जण म्हणतात. त्यातील पुष्कळसे पाणी चिखलात व गटारात जाऊन सुकते; ते उपसण्यास लागलेली वीज व त्यात घातलेले औषध तर कधीच परत येत नाही. याहूनही मोठा धोका निराळा आहे. गावच्या नळाला पाणी दिवसातून तास-दोन तास येते. पुरवठा बंद झाला की नळातील पाणी सखल भागाकडे उतरते आणि मागे पोकळी निर्माण होते. ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर येत होते, त्याच भोकातून आता बाहेरचे पाणी आत ओढले जाते. ते भोक गटाराजवळ असेल, तर गटाराचे पाणी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घागरीत जाते. म्हणून गटारालगतची गळती, ती कितीही लहान असो, सर्वांत आधी बंद करावी.

रात्रीची चाचणी

जमिनीखालील गळती डोळ्यांना दिसत नाही. तिचा शोध घेण्याची एक सोपी रीत आहे. रात्री नऊ वाजेपर्यंत टाकी भरून पंप बंद करावा. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाण्याची पातळी मोजून लिहून ठेवावी. पहाटे पाच वाजता ती पुन्हा मोजावी. पातळी उतरली असल्यास खुद्द टाकीत किंवा तिच्या व्हॉल्व्हमध्ये दोष आहे.

टाकी निर्दोष आढळल्यास दुसऱ्या रात्री बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून गावातील सर्व शाखांचे व्हॉल्व्ह बंद करावे. वाहिनी पाण्याने भरून झाल्यावर पातळी मोजावी. आता पातळी उतरली, तर गळती मुख्य वाहिनीवर आहे. त्यानंतरच्या रात्री एकेक शाखा उघडून, तिच्यावरील घरांच्या तोट्या बंद ठेवून, हीच चाचणी घ्यावी. आतून ५ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे १९६ लिटर पाणी जाणे होय. वर सांगितलेली मिनिटाला एक लिटरची गळती आठ तासांत ४८० लिटर पाणी घेऊन जाईल व पातळी सुमारे अडीच सेंटिमीटरने उतरेल. एवढा फरक काठीवरील खुणेने सहज कळतो.

थंडीचा नळावर होणारा परिणाम

हिमालयातील गावांत हिवाळ्यात नळातील पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ फोडते. महाराष्ट्रात तशी थंडी पडत नाही. निफाडचा पारा पुष्कळ उतरतो, आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात. तथापि जमिनीत पुरलेल्या नळातील पाणी गोठण्याचे भय येथे नाही.

परंतु जमिनीवर उघडे पडलेले पीव्हीसी नळ थंडीने आखडतात. दुपारच्या उन्हात तापलेली शंभर मीटर लांबीची वाहिनी रात्री वीस अंशांनी निवली, तर ती बारा सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक आखूड होते. हा ताण सांध्यांवर पडतो आणि सांधे सुटतात. शिवाय थंडीत पीव्हीसी ठिसूळ होते. बैलगाडीचे चाक किंवा कुदळीचा घाव त्याला अधिक सहज तडकवितो. यासाठी उघडी पडलेली वाहिनी पुन्हा मातीखाली घ्यावी. नाल्यावरून जाणाऱ्या भागास आधार द्यावा व तेथे शक्यतो लोखंडी नळ वापरावा.

पहाटे व्हॉल्व्ह एकदम उघडू नये. झटकन उघडल्याने किंवा बंद केल्याने पाण्याचा धक्का बसतो व कमजोर सांधा फुटतो. व्हॉल्व्ह हळूहळू, थोडा थोडा थांबत फिरवावा. पीव्हीसी सांधण्याचे सोल्युशन थंडीत सावकाश सुकते. म्हणून सांधे दुपारी जोडावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या वाहिनीत दाबाचे पाणी सोडू नये.

व्हॉल्व्ह व त्यांचे चेंबर

प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षातून निदान दोनदा पूर्ण उघडून पूर्ण बंद करून पाहावा. वर्षानुवर्षे न फिरविलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी फिरत नाही. दांड्याच्या आट्यांना ग्रीस लावावे, ग्लँडमधील झिजलेली पॅकिंग बदलावी. चेंबरमध्ये साचलेले पाणी उपसून काढावे व झाकण नसल्यास ते बसवावे. पाण्यात बुडालेला व्हॉल्व्ह हा वाहिनीत घाण शिरण्याचा राजमार्ग होय. एअर व्हॉल्व्ह मोकळा आहे ना, हे पाहावे. सखल ठिकाणचा गाळ सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहिनी धुऊन काढावी.

टाकीची सफाई व पाण्याचे शुद्धीकरण

पावसाळ्यातील गढूळ पाण्याचा गाळ टाकीच्या तळाशी बसलेला असतो. दिवाळीनंतर टाकी रिकामी करून तळ व भिंती घासून घ्याव्या. नंतर १० लिटर पाण्यात सुमारे ६ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, जिला गावोगाव टीसीएल म्हणतात, मिसळून वरचे निवळ द्रावण भिंतींना लावावे, अर्धा तास राहू द्यावे आणि टाकी स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणी सोडून द्यावे. बंद टाकीत क्लोरीनच्या वासाने गुदमरण्याचा संभव असतो. सर्व झाकणे उघडून हवा खेळती करावी, डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे घालावे, आणि एकट्या माणसाने टाकीत कधीही उतरू नये. दुसरा माणूस झाकणापाशी उभा असलाच पाहिजे.

हिवाळ्यात पाणी निवळ व गार असते म्हणून ते शुद्धच असणार, असा समज आढळतो. तो खरा नाही. लहान मुलांचे विषाणूजन्य जुलाब थंडीच्या महिन्यांतही जोर करतात. शिवाय थंड पाण्यात क्लोरीनचे जंतुनाशक कार्य मंद चालते. एरवी अर्धा तास पुरतो तेथे थंडीत एक तास द्यावा. टाकी संध्याकाळी भरून औषध घालावे व पहाटे पाणी सोडावे, ही पद्धत हिवाळ्यात विशेष उपयोगी आहे.

ताज्या ब्लिचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. अशी ५ ग्रॅम पावडर १,००० लिटर पाण्यास दर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन देते. तीच पावडर उघड्या पोत्यात राहून २० टक्क्यांवर आली, तर एकच मिलिग्रॅम मिळतो. म्हणून पावडर कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट झाकून ठेवावी. मात्रा बरोबर पडली की नाही, हे ओटी चाचणीने ठरवावे. चाचणी टाकीजवळच्या घरी न घेता वाहिनीच्या शेवटच्या घरी घ्यावी. तेथे दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. ते न आढळल्यास एक तर औषध कमी पडले आहे, किंवा वाटेत कोठे तरी घाण पाणी शिरत आहे.

उद्भव व रब्बीचे पीक

योजनेचा जीव तिच्या उद्भवात असतो. नळपाण्याच्या विहिरीभोवतीच्या शेतविहिरींवर रब्बीचा उपसा याच दिवसांत सुरू होतो. थंडीची लाट आली की द्राक्षबागा व भाजीपाला वाचविण्यासाठी शेतकरी रात्री पाणी देतात. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असल्यामुळे हा उपाय गुणकारी आहे. परंतु आसपासचे सर्व पंप एका रात्री चालल्यास गावच्या विहिरीची पातळी झपाट्याने खाली जाते. अशा रात्री पाळी ठरवून पाणी द्यावे, आणि नळाचे पाणी शेताला मुळीच वापरू नये.

उद्भवाच्या नाल्यात पाणी वाहते आहे तोवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालावा. श्रमदानाने हे काम थोड्या खर्चात होते, व अडलेले पाणी मुरून विहिरीचा झरा अधिक दिवस चालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून, पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी बाजूला काढून, मग पिके ठरविते. शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे बंदी आहे. कमी पावसाच्या मुलखात या गावाने पिण्याचे पाणी सांभाळले, ते हा हिशेब दरवर्षी चुकू न दिल्यामुळे.

घरोघरीची तयारी

योजना ग्रामपंचायतीची असली तरी तिचा शेवटचा हातभर नळ घरमालकाच्या अंगणात असतो. प्रत्येक घराने पुढील गोष्टी पाळाव्या.

१. नळाला तोटी असावी व ती बंद होत असावी. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी चोवीस तासांत सुमारे सव्वाचार लिटर पाणी घालविते.
२. नळाला थेट मोटार लावू नये. मोटारीने शेजाऱ्याचे पाणी तुटते व वाहिनीत घाण ओढली जाते.
३. नळ खड्ड्यात असल्यास तो वर घ्यावा. खड्ड्यातील सांडपाणी पुरवठा बंद होताच नळात शिरते.
४. पाणी सुटल्यावर प्रथम येणारे गढूळ पाणी पिण्यास भरू नये. ते झाडांना किंवा सारवणाला वापरावे.
५. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे व ओगराळ्याने काढावे. थंडीत माठ रोज घासण्याचा कंटाळा केला जातो, तो टाळावा.
६. रस्त्यावर गळती दिसताच त्याच दिवशी जलसुरक्षकास कळवावे.

कामाचे वेळापत्रक

नोव्हेंबरात टाकीची सफाई, वाहिनीची पायी पाहणी व वनराई बंधारे उरकावे. डिसेंबरात रात्रीच्या चाचण्या व गळती दुरुस्ती करावी. जानेवारीत सर्व व्हॉल्व्ह, पंप, मोटारीचे अर्थिंग व स्टार्टर तपासावे आणि विहिरीची पातळी मोजावी. फेब्रुवारीत पॅकिंग दोरी, रबरी रिंगा, पीव्हीसी कपलर, सोल्युशन व एक-दोन जादा तोट्या ग्रामपंचायतीत आणून ठेवाव्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी या प्रत्येक कामाची तारीख व झालेला खर्च एका वहीत लिहावा आणि ही वही प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. पाणीपट्टीचा पैसा कोठे गेला हे लोकांना समजले, म्हणजे ती भरण्यासही ते मागेपुढे पाहत नाहीत.

या कामास फार पैसा लागत नाही. लागते ती एक काठी, एक वही, थोडे ग्रीस व चार रात्रींचे जागरण. कार्तिकात एवढे कष्ट ज्या गावाने घेतले, त्या गावच्या बायाबापड्यांना वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभे राहण्याची पाळी सहसा येत नाही.