हिरडा : औषधाचा, रंगाचा आणि कातड्याचा माल

काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याचे पोते नाही असे सहसा होत नाही. तरीही अनेक दुकानदार ‘हिरडा’ या एकाच नावाखाली दोन-तीन प्रकारचा माल एकत्र विकताना दिसतात. त्यात गिऱ्हाइकाचेही नुकसान आणि दुकानाचेही. म्हणून या मालाची माहिती आपण नीट करून घेऊ.

हिरड्याचा वृक्ष उंच वाढतो. आपल्याकडे तो सह्याद्रीच्या रांगांत, विशेषतः जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत पुष्कळ आहे. तेथील आदिवासी कुटुंबांच्या हातात रोख पैसा येतो तो बराचसा या फळावर.

प्रकार ओळखा

आठळी धरण्यापूर्वीच उतरवून वाळवलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा. तो काळा, लहान व सुरकुतलेला असतो. पूर्ण वाढलेला हिरडा पिवळसर तपकिरी असून त्यावर उभ्या कडा असतात. युनानीत यांनाच हलेला म्हणतात : कोवळा तो हलेला सियाह, पिवळा तो हलेला जर्द आणि पूर्ण पक्व मोठा तो हलेला काबुली. हकीमसाहेबांच्या चिठ्ठीवर यांतील जे नाव असेल तेच द्यावे. एकाऐवजी दुसरा देऊ नये.

औषधी उपयोग

हिरडा, बेहडा व आवळा मिळून त्रिफळा होतो. युनानी वैद्यकातील ‘इत्रीफल’ हे नाव याच त्रिफळ्यावरून आले. बद्धकोष्ठावर हिरड्याचे चूर्ण आणि तोंड आल्यास काढ्याच्या गुळण्या हे जुने उपाय आहेत. बाळगुटीत बाळहिरडा सहाणेवर उगाळून देण्याची चालही जुनी आहे. मात्र गरोदर स्त्रिया, अशक्त माणसे व तान्ही मुले यांना हकीम, वैद्य किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो देऊ नये. दुकानदाराने स्वतः हकीम बनू नये.

कारागिरांसाठी

पक्व हिरड्यात टॅनिन भरपूर असते. बाभळीच्या सालीबरोबर हिरडा वापरून कातडे कमावण्याची रीत कोल्हापुरी चपलांच्या धंद्यात चालत आली आहे. कच्छमधील खत्री कारागीर अजरखाचे कापड छपाईपूर्वी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. त्यावर लोखंडाचा गंज व गूळ आंबवून केलेले पाणी छापले की पक्का काळा रंग उठतो. तुरटीने हिरड्याचाच पिवळा रंग धरतो. रंगाऱ्याला किडका किंवा बुरसटलेला माल मिळाला तर रंग फिका पडतो आणि सारा घाणा वाया जातो.

खरेदी करताना

फळ भरीव, अखंड व बिनछिद्राचे हवे. पाण्यात बुडतो तो हिरडा उत्तम, असे जुने वैद्यकग्रंथ सांगतात. ओलसर माल पोत्यात भरू नये. वजन वाढलेले दिसते, पण पुढे बुरशी येते व तोटा खरेदीदाराच्या माथी बसतो. बाळहिरडा व मोठा हिरडा वेगळे ठेवावेत, भावही वेगळे लिहावेत.

शेवटी एक गोष्ट. वनहक्क कायदा, 2006 प्रमाणे गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य झाला आहे. तेव्हा माल गोळा करणाऱ्याशी वजनमाप चोख ठेवावे व दाम वेळेवर द्यावेत. फळासाठी फांद्या तोडलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. झाड राहिले तर दरसाल माल येईल. फांदी गेली तर पुढच्या हंगामात आपलेच पोते रिकामे राहील.